ईशानच्या डोक्याची उजवी बाजू

“जुळं होतं का?” डॉक्टरांनी विचारलं.

ईशान तपासणीच्या टेबलावर पालथा होता आणि अमरावतीचे ते बालरोगतज्ज्ञ त्याच्या डोक्यावरून दोन्ही तळवे फिरवत होते. त्याची मान एकाच बाजूला वळते, म्हणून आम्ही त्याला अकोल्याहून घेऊन आलो होतो. मी हो म्हटलं. “मग दुसरं बाळ?” माझा नवरा सुनील खाली बघायला लागला. डॉक्टरांना कळलं. पुढचं ते हळू आवाजात बोलले.

‘पोझिशनल प्लेजिओसेफली’. म्हणजे सतत एकाच जागी दाब आल्यानं डोकं चपटं, तिरकं होणं. ईशानच्या डोक्याची मागची उजवी बाजू सपाट होती आणि तिकडचा कान जरा पुढे सरकला होता. शिवाय ‘टॉर्टिकॉलिस’, म्हणजे मानेचा एक स्नायू आखडलेला. त्यामुळे त्याला डावीकडे वळताच येत नव्हतं. “पोटात दोघांना जागा कमी पडली असणार,” डॉक्टर म्हणाले. “दुसरं बाळ इथं टेकलेलं असावं. पुढे तो त्याच बाजूवर निजत राहिला आणि ते वाढलं.”

त्यानंतर ते काय म्हणाले, हे मला नंतर सुनीलनं सांगितलं. मी फक्त ‘इथं’ ऐकलं होतं.

ईशानची बहीण जन्मली आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या पेटीतच गेली. मी ओली बाळंतीण, अंगावर ताजे टाके. तिला मातीत कुठे ठेवलं ते मला कुणी सांगितलं नाही. तिचा फोटो नाही, पायाचा ठसा नाही. सासूबाईंनी घरात सगळ्यांना ताकीद दिली होती, “जोडीतलं गेलेलं लेकरू आठवाचं नाही. नाव काढलं का ते मागं राह्यलेल्याले बोलावते.” मुलगा झाला तर हे, मुलगी झाली तर ते, अशी नावं दोघं पोटात असतानाच मी ठरवली होती. तिचं नाव मी गिळून टाकलं.

माझ्या आईनं दोन टोपडी शिवली होती, एक हिरवं आणि एक पिवळं. बारशाला ईशाननं हिरवं घातलं. आपल्याकडे वरवंट्याला नटवून बाळासारखा पाळण्याभोवती या हातातून त्या हातात फिरवतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सासूबाईंनी त्या वरवंट्याला पिवळं टोपडं घातलं. माझ्या लेकीचं टोपडं, आणि दगडाला! त्या दिवशी मी जेवले नाही. पुढे कितीतरी दिवस सासूबाईंशी कामापुरतंच बोलले.

आता कुणी म्हणत होतं की ती ‘इथं’ टेकली होती. ईशानला न्हाऊ घालताना माझा तळवा त्या सपाट जागेवर नीट बसायचा. मी तो तसाच ठेवून बसायचे, पाणी निवून जायचं.

डॉक्टरांनी डोक्याला आकार देणारं हेल्मेट सुचवलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर एक सांगते. कधी कधी कवटीचे सांधे वेळेआधी जुळतात, तेव्हा ऑपरेशन लागतं, हेल्मेट नव्हे. म्हणून आधी ते तपासून घ्या. डोकं थोडंच चपटं असेल तर कूस बदलून आणि व्यायामानंही सुधारतं. ईशानचे सांधे मोकळे होते, पण त्याचा चपटेपणा जास्त होता. “डोकं वाढतंय तोवरच याचा उपयोग,” डॉक्टरांनी बजावलं. “हाडं घट्ट झाल्यावर माझ्याकडे येऊन फायदा नाही.”

आणि मी चालढकल करत राहिले. अकोल्याचा उन्हाळा, बाळाच्या डोक्यावर प्लॅस्टिक कसं घालायचं, हे कारण तर आयतंच होतं. सासूबाई म्हणत, “राईची उशी ठेव, आपोआप गोल होते.” एरवी मी त्यांच्याशी वाद घातला असता. तेव्हा मुकाट्यानं राईची उशी शिवायला घेतली.

एक दिवस सुनीलचा तोल सुटला. “तुले पोराचं डोकं नीट व्हावं असं वाटत नाही काय?”

“नाही वाटत,” मी म्हटलं. “तिची तेवढीच जागा राहिली आहे.”

तो पलंगावर बसला आणि रडला. लेक गेल्यावर तो पहिल्यांदाच माझ्यासमोर रडत होता. माझ्या एकटीचीच लेक गेली होती, अशा थाटात मी वागत होते. त्याचंही कुणी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ईशानच्या डाव्या बाजूला बसून खुळखुळा वाजवला. त्याला तो हवा होता. पाय झाडले, डोळे अगदी कोपऱ्यापर्यंत आणले, पण मान येईना. शेवटी तो चिडून रडायला लागला. मला माझीच लाज वाटली. माझं दुःख मी त्याच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि ते वागवायचं वय त्याचं नव्हतं. मी सुनीलला डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं.

आधी डोक्याचा स्कॅन झाला. हेल्मेट तयार होऊन आलं. पांढरं, आतून स्पंज, फक्त आंघोळीपुरतं काढायचं. ते डोकं दाबत नाही. फुगीर बाजूला नुसतं टेकतं आणि सपाट बाजूला आत मोकळी जागा ठेवतं. डोकं वाढतं ते त्या मोकळ्या जागेत. ती जागा रोज थोडी थोडी भरत जाणार होती. हे चांगलंच होतं, आणि ते ऐकताना मी ईशानच्या डोक्यावर त्याच जागी तळवा ठेवून बसले.

मे महिना कूलरसमोर काढला. वास यायचा, घामोळं उठायचं. हेल्मेट रोज पुसून पूर्ण वाळवायचं, कातडी लाल राहिली तर लगेच दाखवायचं. मानेचे व्यायाम चुकवायचे नाहीत, बाळ कितीही रडलं तरी. तपासणीसाठी अमरावतीच्या फेऱ्या चालूच. एकदा एसटीत मूर्तिजापूरला चढलेल्या एका बाईनं ईशानकडे निरखून बघितलं. “काहून वं, आतापासूनच गाडी शिकवून राहिली काय पोट्ट्याले?” मी खो खो हसले. कितीतरी दिवसांनी. हसता हसता रडायला लागले, तशी तिनं काही न विचारता ईशानला आपल्या मांडीवर घेतलं आणि बडनेऱ्यापर्यंत तसंच धरलं. ती कोण होती मला माहीत नाही. डॉक्टरांइतकेच तिचेही उपकार मानते.

पाऊस संपत आला तेव्हा हेल्मेट निघालं. “थोडा फरक राहील,” डॉक्टर म्हणाले. “केस वाढले की कुणाला दिसणार नाही.”

घरी आल्यावर सासूबाईंनी ईशानला मांडीवर घेऊन डोक्याला तेल लावायला घेतलं. उजव्या बाजूला त्यांची बोटं थांबली.

“भरली वं जागा,” त्या म्हणाल्या.

मी मान वर केली. तिच्या जागेचं माझं बोलणं सुनीलनं त्यांना सांगितलं असणार.

“बारशाच्या दिवशी तू जेवली नाही,” त्या तेलाच्या वाटीकडे बघत म्हणाल्या. “मले समजत होतं. पण सांगू कशी? मीच साऱ्यायचं तोंड बंद केलं होतं. लेकरू बिनबारशाचं गेलं, हे माह्या जिवाले लागलं होतं. म्हणून वरवंट्याले तिचं टोपडं घातलं. साऱ्या बायांनी हाती घेतलं तिले. भावाजवळ पाळण्यात निजवलं. बारसं झालं वं तिचं. फक्त नाव राह्यलं.”

त्यांनी वाटी बाजूला सारली आणि माझ्याकडे बघितलं.

“काय ठेवलं होतं नाव?”

मी ईशानच्या डाव्या हाताला बसले होते. “रेवा,” मी म्हटलं.

माझा आवाज ऐकून ईशाननं मान पूर्ण डावीकडे वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

सासूबाईंनी तेलाचे हात पदराला पुसले. “अजून एकदा म्हण,” त्या म्हणाल्या.