उमरखेडच्या दुकानातला पेला

यवतमाळहून उमरखेडची मोटार सुटली तेव्हा मी भलताच खुशीत होतो. पिशवीत माझ्या कथासंग्रहाच्या दहा प्रती, अंगात नवा कोट. वैशाखात कोट! पण लेखक म्हणून पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं, मग उकाड्याची पर्वा कोण करतो? पुसदच्या अलीकडे टायर बसलं आणि दोन तास बाभळीखाली काढावे लागले. शेजारच्या उतारूनं भाकरीवर अंबाडीची भाजी वाढली. तिखटानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

उमरखेडात वामनरावांचं पुस्तकांचं दुकान. पुढे पाट्या-पेन्सिली, मागच्या फळीवर कथा-कादंबऱ्या. सतरंजी अंथरून ते वाटच पाहत होते.

"ती विहिरीची कथा वाचा," ते म्हणाले. "आमच्याच भागातली आहे म्हणतात."

होतीच. दोन वर्षांपूर्वी याच वाटेवर, एका फाट्यावर, सोनबाजी नावाच्या म्हाताऱ्यानं मला ती सांगितली होती. त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, तेव्हापासून गावच्या विहिरीवर त्यांना कुणी पाणी वाढेना. त्याची सून आठव्या महिन्यात झिऱ्यावरून (नदीच्या वाळूत खणलेला खड्डा) पाणी आणताना पडली आणि गेली. माझ्या कथेत ती पडते, पण वाचते. पाटलाला पाझर फुटतो, विहीर सगळ्यांना मोकळी होते. वाचकांना गोड शेवट लागतो, असा माझा समज होता.

वाचन रंगलं. टाळ्या झाल्या. एका मास्तरांनी तर डोळे पुसले. तेवढ्यात ओट्याखाली बसलेला एक म्हातारा उठला. सोनबाजी! वाचन आहे असं ऐकून पाच कोस उन्हातून चालत आला होता.

"सायेब, मायी सून तं मेली. तुमी तिले जित्ती काहून ठेवली?"

"बाबा, कथा आहे ती..."

"हे समदे टाळ्या वाजवून राह्यले. यायले वाटलं, झालं सारं बरं. विहीर तशीच हाये, सायेब. ते मेली असं लिवलं असतं, तं कोनाले लाज तं वाटली असती."

वामनराव लगबगीनं तांब्या घेऊन पुढे झाले. "तहानला असशील, बाबा," म्हणत त्यांनी सवयीनं तो वर धरला. सोनबाजीनं ओंजळ केली नाही.

"पेल्यात द्याल तं पितो."

दुकानात पेला एकच, माझ्यासमोर, काठोकाठ भरलेला. वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात डोकं घातलं. मान वर केली तेव्हा म्हातारा रस्त्याला लागला होता, तसाच, तहानलेला. मला माझीच शिसारी आली, पण घशाला कोरड पडली होती. पेला मी पिऊन टाकला.

परतीच्या मोटारीत कोट काढून मांडीवर ठेवला. वाटेतला तो फाटा आला तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला पाहत बसलो.

घरी येऊन शेवट बदलला. दुसऱ्या आवृत्तीत सून मरते, विहीर बंदच राहते. प्रकाशकानं तोंड वाकडं केलं, पण छापलं. तेव्हापासून लोक मला धीट लेखक म्हणतात. धीट म्हणे! पेल्याची गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नव्हती.