मंत्रीबाईंचं ‘नाही’

कुठलंही उत्तर बाई आधी मोठ्यानं वाचायच्या. खुर्चीत बसून नव्हे. बूट काढायचे, खिडकीशी जायचं आणि नुसत्या मोज्यांवर उभं राहून शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचं. पार्लमेंटमध्ये सभासदांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आम्ही खात्यातली माणसं लिहून त्यांच्यापुढे ठेवायचो. बाकीचे मंत्री चहाचे घोट घेत त्या गठ्ठ्यावर सह्या करत. बाई वाचायच्या, मध्येच थांबायच्या आणि विचारायच्या, “या वाक्यात माणूस कुठे आहे?”

माणूस नसायचाच. ‘निर्णय घेण्यात आला आहे.’ ‘परिस्थितीचा आढावा घेण्यात येत आहे.’ घेणारा कोण, ते गुलदस्त्यात. माझे वडील नागपूरला कलेक्टर कचेरीत होते, त्यामुळे ही भाषा माझ्या कानावर लहानपणापासून होती. इंग्रजांनीच ती आम्हाला शिकवली आणि आता मी त्यांच्याच राजधानीत बसून ती त्यांना परत करत होते. बाईंना ती चालायची नाही. “कुणी घेतला निर्णय? मी घेतला असेल तर ‘मी’ लिहा. माझ्या गावातल्या बाजारात मला हे वाक्य बोलता आलं पाहिजे.”

त्यांना मी ‘बाई’ म्हणायचे ते अर्थात मनातल्या मनात. समोर सगळे ‘मिनिस्टर’ म्हणत, तिथली रीतच तशी. पण हातात कागद, चष्मा नाकावर आणि चूक सापडली की वर होणारी ती एक भुवई पाहिली की मला आमच्या शाळेतल्या व्याकरणाच्या बाईच समोर दिसायच्या.

उत्तरेकडच्या, गिरण्या बंद पडलेल्या एका गावातून त्या निवडून आल्या होत्या. आधी वकिली केलेली. कोर्टांचा कारभार आणि इमिग्रेशनची अपिलं त्यांच्याकडे होती. व्हिसा देणं-नाकारणं दुसऱ्या खात्याचं काम. नाकारल्यावर माणूस दाद मागायला जायचा, तो आमच्या दारी. त्यांच्या गावाकडच्या उच्चारांवर समोरच्या बाकांवरून हशा पिकायचा. एकदा मी विचारलं, तुम्हाला राग येत नाही? “राग कसला? ते हसले की मी आणखी जाड करते.” आणि खरंच करायच्या. हशा जितका मोठा, तितक्या त्यांच्या बोलण्यात गिरणीगावच्या गल्ल्या यायच्या.

माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी नीट म्हणायला घेतलं. ऑफिसात सगळे मला ‘सू’ म्हणत आणि मीही ते चालवून घेतलं होतं. बाईंनी विचारलं, “आईनं काय ठेवलं होतं?” वसुधा, म्हटलं. ‘धा’ काही केल्या जमेना. ‘डा’ झाला, ‘दा’ झाला. “थांब, सोडू नकोस मला,” म्हणाल्या आणि जमेपर्यंत फायली उघडल्या नाहीत. त्यानंतर खात्यातल्या कुणाची मला ‘सू’ म्हणायची हिंमत झाली नाही.

तेव्हा आम्ही लंडनच्या हॅरो उपनगरात राहायचो. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मला कुणी ना कुणी गाठायचंच. “अगं, तू मिनिस्टरबरोबर असतेस ना? आमच्या केसचं जरा बघ की.” मी म्हणायचे, अहो, तसं नसतं इथे. एकदा हे मी बाईंना सहज सांगितलं. त्या हसल्या नाहीत. “बरोबर सांगतेस, तसं नसतं. पण तसं नसतं असं सांगायचा हक्क आपल्याला कधी आहे? सरळ रस्ता खरंच उघडा असेल तेव्हाच.”

त्याच वर्षी हिवाळ्यात तो प्रश्न आला. इमिग्रेशनच्या अपिलांमध्ये दुभाष्यांच्या कामाबद्दल मंत्री समाधानी आहेत का? एका ओळीचा साधा प्रश्न. आमचे विभागप्रमुख ह्यू उंच, मृदू बोलणारे, कधीही आवाज न चढवणारे गृहस्थ होते. त्यांनी उत्तरही तितकंच साधं लिहिलं. मंत्री समाधानी आहेत. तक्रारींचं प्रमाण नगण्य आहे.

बाई खिडकीशी गेल्या, वाचलं आणि वळल्या. “ज्या माणसाला तिथली भाषाच कळली नाही, तो तक्रार कुठल्या भाषेत करणार, ह्यू?”

“न आलेली तक्रार आम्ही मोजू शकत नाही, मिनिस्टर.”

“मग मी जाऊन बघते.”

ह्यूंना ते अजिबात आवडलं नाही. पण सुनावण्या सगळ्यांना खुल्या असतात. न्यायाधीशांना रीतसर कळवलं आणि एका सकाळी बाई आणि मी ट्रेननं लंडनच्या कडेच्या एका सुनावणी केंद्रात गेलो. मागच्या खुर्च्यांवर बसलो. कोण आहोत, हे न्यायाधीशांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

अपील एका आजींचं होतं. सुती पाचवारी, वर मुलीचा असावा असा ढगळ कार्डिगन, मोज्यांवर चपला. त्या बोलल्या आणि मी चमकले. साताऱ्याकडची मराठी! आजींचे पती वारलेले, भारतात मागे कुणी नाही, एकुलती मुलगी इकडे, लंडनजवळ मेडनहेडला नर्स. तिच्याजवळ राहू द्यावं, एवढंच मागणं होतं. मुलगी साक्षीदार असल्यामुळे तिला बाहेर बसवलं होतं. आणि दुभाषी होता हिंदीचा. माणूस सभ्य होता, त्याची चूक म्हणता येणार नाही. कुणीतरी ‘इंडिया’ वाचून ‘हिंदी’ लिहिलं असावं.

सरकारी बाजूच्या अधिकाऱ्यानं विचारलं, भारतात कुणाबरोबर राहत होतात? दुभाष्यानं ते हिंदीत विचारलं. आजी म्हणाल्या, “यजमान हुते तवर यजमानांसंगं. यजमान गेले, मग एकलीच.”

दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं, “मी एका यजमानाकडे राहत होते. ते निघून गेले.” हिंदीत यजमान म्हणजे ज्याच्या घरी पाहुणा उतरतो तो.

अधिकाऱ्यानं मान वर केली. कागदात तर लिहिलंय, पतीसह स्वतःच्या घरात. हा कोण गृहस्थ? त्याचं नाव काय?

“उनका नाम क्या था?”

आजींनी पदर पुढे ओढला आणि मान हलवली. पुन्हा विचारलं. पुन्हा नकार. आता त्यांचे डोळे भरले होते. जन्मभर ज्याचं नाव ओठांवर आणलं नाही, त्या नवऱ्याचं नाव ती माउली परक्या पुरुषांपुढे, भरल्या खोलीत कसं घेणार? अधिकारी शांतपणे म्हणाला, “ज्याच्याबरोबर राहत होत्या, त्या पुरुषाचं नाव सांगायला अपीलकर्तीनं नकार दिला, याची नोंद व्हावी.”

मी अर्धी उठलेच होते. बाईंनी माझं कोपर धरून खाली बसवलं. आजींच्या वकिलाला काय चाललंय ते कळेना, तो नुसताच कागद चाळत होता. न्यायाधीशांनी जेवणाची सुटी जाहीर केली.

कॉरिडॉरमध्ये मी बाईंना सगळं सांगितलं. यजमान म्हणजे काय आणि नाव का घेतलं नाही. त्या म्हणाल्या, “म्हणजे तिनं आदर दाखवला आणि आपण त्याला लपवाछपवी म्हणालो.”

“हो, मिनिस्टर.”

“चालू खटल्यात मंत्र्यानं तोंड घालायचं नसतं. हा नियम चांगला आहे आणि मी तो मोडणार नाही. त्या खोलीतल्या कुणाशी मी एक शब्द बोलणार नाही.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “तुझी जेवणाची सुटी सुरू झाली का, वसुधा?”

“झाली.”

“सुटीत तू कुणाशी कुठल्या भाषेत बोलतेस, त्याच्याशी माझा काही संबंध नाही.” आणि कोपऱ्यातल्या कॉफीच्या मशीनपुढे जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

आजींची मुलगी बाकावर बसली होती. मी म्हटलं, “अहो ताई, मराठी ना तुम्ही?” आत काय झालं ते मी सांगितलं तशी ती उसळली. “आईनं बाबांचं नाव घेतलं नाही? अहो, ती रेशनच्या दुकानातसुद्धा नाव सांगायला मला पुढे करायची! कधीच घेतलं नाही तिनं. आणि हे लोक काय समजले? माझ्या आईला काय समजले?” ती तशीच उठून वकिलाला शोधत गेली.

सुटीनंतर वकील उभा राहिला. न्यायाधीशांनी नीट ऐकून घेतलं, दुभाष्याला दोन-तीन प्रश्न विचारले, सुनावणी तिथेच थांबवली आणि मराठी दुभाष्यासह नव्यानं घ्यायला सांगितली. काही आठवड्यांनी आजींचं अपील मंजूर झालं. त्यांना मागच्या खुर्चीत कोण बसलं होतं ते कधीच कळलं नाही. बाईंनी ते कळू दिलं नाही.

पण उत्तर द्यायचं बाकी होतं. प्रश्नोत्तरांच्या दिवशी सभागृहात स्पीकरच्या खुर्चीमागे एका बाजूला आम्हा अधिकाऱ्यांसाठी छोटी बसायची जागा असते. तिथून मंत्र्याला चिठ्ठी पाठवता येते, बोलता मात्र येत नाही. ह्यू आणि मी तिथे बसलो होतो. ह्यूंचं उत्तर टाइप करून बाईंच्या हातात दिलेलं होतं. प्रश्न पुकारला गेला. बाई उठल्या, त्यांनी कागद मिटला.

“नाही.”

सभागृहाला वाटलं, पुढे काहीतरी येईल. आलं ते एवढंच, “नाही, मी समाधानी नाही.”

मग जो गलका झाला! ह्यूंनी घाईनं चिठ्ठी लिहिली, ‘ठरलेल्या उत्तरावर या.’ ती हातोहात पुढे गेली. बाईंनी वाचली, घडी घातली आणि ठेवून दिली. समोरून एक सभासद उठून ओरडला, मग याला जबाबदार कोण? बाई त्यांच्या जाडजूड गावरान उच्चारात म्हणाल्या, “मी. खातं नाही, मी.” कुठल्याही एका प्रकरणाबद्दल त्या बोलल्या नाहीत. पण पुढं त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, की दुभाषी माणसाच्या देशावरून नव्हे, त्याच्या भाषेवरून दिला जाईल. सुनावणीच्या सुरुवातीलाच एकमेकांचं समजतंय ना, हे तपासलं जाईल. आणि हे कितपत झालं, त्याचा अहवाल सभागृहापुढे येईल.

बाहेर आल्यावर ह्यू म्हणाले, “मिनिस्टर, याला कुणाचीच मंजुरी नव्हती.”

“आता मागे घ्यायला कुणाची मंजुरी मिळते ते बघा.”

सभागृहात दिलेला शब्द खात्याला मोडता येत नाही. बदल झाले, कुरकुरत का होईना. पण त्याची किंमत वसूल व्हायची ती झालीच. त्यांच्याच पक्षात कुजबुज सुरू झाली, बाई इमिग्रेशनवर नरम आहेत. पेपरांतून टोमणे आले. गावाकडून रागाचे फोन आले, तेव्हा त्या शनिवारी बाजारात जाऊन भाजीवाल्यांच्या गाड्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि येईल त्याला उत्तर दिलं. “अपील हरलेल्या माणसाला परत पाठवायची मला लाज वाटत नाही. त्याचं म्हणणं न ऐकता पाठवायची वाटते. तुम्हाला वाटत नसेल, तर मला मत देऊ नका.” परत आल्यावर म्हणाल्या, “निम्मे चिडले. पण सगळ्यांना कळलं.”

मंत्रिमंडळात फेरबदल झाले तेव्हा त्यांना पंतप्रधानांचं बोलावणं आलं आणि तासाभरात मंत्रिपद गमावून त्या परत आल्या. आम्ही सगळे उभे होतो. “बसा रे, मेलेली नाही मी,” म्हणाल्या. ह्यूंचा हात हातात घेतला. “तू फार चांगली उत्तरं लिहितोस. जरा वाईट लिहायला शीक.” आणि ते मृदू, उंच गृहस्थ चष्मा पुसायला वळले. मला बाई नुसतं ‘वसुधा’ म्हणाल्या, अगदी स्वच्छ, आणि गेल्या.

त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांना मी पुन्हा त्याच जागी बसले होते. पुढे नवे मंत्री, तरुण, नीटनेटके. बाई त्यांच्याच पक्षाच्या बाकांवर, पण पार मागच्या रांगेत. तिथे कुणाला उपप्रश्न विचारायचा असला की जागेवर उभं राहायचं. स्पीकरनं दुसऱ्याचं नाव घेतलं की बसायचं आणि तो बोलून झाला की पुन्हा उठायचं. बाई उठल्या. दुसऱ्याचं नाव आलं. पुन्हा उठल्या. असं किती तरी वेळा झाल्यावर एकदाचं त्यांचं नाव आलं. त्यांनी विचारलं, दुभाष्यांबद्दलचा अहवाल सभागृहापुढे कधी येणार?

नव्या मंत्र्यांनी कागदावरचं वाचलं, “या विषयाचा आढावा घेण्यात येत आहे.”

एका सभासदाला एकच उपप्रश्न, हा नियम. बाईंना तो माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. त्या बसल्या नाहीत. मंत्री बसले, बाजूचे सभासद हातानं खुणावू लागले, कुणी हसलं, स्पीकरनी ‘ऑर्डर’ म्हटलं. बाई काही बोलत नव्हत्या, फक्त उभ्या होत्या. स्पीकरनी शेवटी समोरच्या बाकांवरच्या एका म्हाताऱ्या सभासदाचं नाव घेतलं. ते विरोधी पक्षातले, बाईंच्या उच्चारांवर वर्षानुवर्षं हसत आलेले. ते काठीवर रेलत उठले आणि म्हणाले, “माझा प्रश्न तोच आहे, जो समोरच्या माननीय सदस्या उभ्या राहून विचारत आहेत.”

नव्या मंत्र्यांनी आमच्याकडे पाहिलं. ह्यूंनी एका कागदावर काहीतरी लिहून पुढे दिलं. मंत्र्यांनी ते वाचलं आणि तारीख जाहीर केली.

मग बाई बसल्या.