परत आणणारी गाडी

विक्रोळीत मी अँब्युलन्स चालवतो. साथीच्या काळात फोन खाली ठेवायची सोय नव्हती. साथ ओसरली आणि येणारे फोन असे काही बदलले की हसावं की रडावं कळेना. कुणी डायलिसिसला न्यायला बोलावतं, कुणी आजोबांना मुलुंडहून बोरिवलीला लेकीकडे झोपवून पोचवायला. क्रिकेटचे सामने असले की मैदानाच्या कडेला गाडी लावून आम्ही दिवसभर वडापाव खात बसतो. एका बाईंनी तर विचारलं, "एसी आहे ना? आणि मागे मोबाइल चार्ज होतो का?" म्हटलं, ताई, ऑक्सिजनपण आहे, लागला तर.

काही गल्ल्यांतून मात्र फोनच येईना. आजाऱ्याला रिक्षात कोंबतील, पण अँब्युलन्स नको. साथीच्या दिवसांत आमची गाडी थांबली की खिडक्या धडाधड बंद व्हायच्या, आणि नेलेली बरीच माणसं परत आलीच नाहीत. लोकांनी राग धरला तो गाडीवर. मला ते फार लागायचं. अरे, मी काय हौसेने नेत होतो?

अशाच एका चाळीत एक म्हातारी मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलेलं, रिक्षात बसवणं शक्यच नव्हतं, म्हणून मुलाने नाइलाजाने आम्हाला बोलावलं. मी आणि माझा जोडीदार स्ट्रेचर घेऊन आत गेलो, तर म्हातारीने खाटेचा दांडा घट्ट धरलेला.

"ह्या गाडयेत बसान गेल्लो कोण परत इलो रे? माझो घोव इलो? माका नाय जावचा!"

तिचा नवरा साथीत असाच अँब्युलन्समधून गेला होता. मुलगा विनवून थकला. वेदनेने तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण दांडा सुटेना. मी मूळचा मालवणचाच. शेजारी बसलो आणि म्हटलं, "आजये, मीच नेतलंय आणि मीच परत आणून सोडतलंय. ह्याच गाडयेतसून."

तिने मला नीट न्याहाळलं, बाजारात पापलेटाचे कल्ले उघडून बघावेत तसं. मग म्हणाली, "शब्द दिलंस हां," आणि हात सोडला.

ऑपरेशन झकास झालं. घरी सोडायच्या दिवशी मुलाने टॅक्सी ठरवली होती. पुन्हा दारात अँब्युलन्स कशाला, लोक घाबरतात, असं त्याचं म्हणणं. म्हातारी खाटेवरून हलेना. "माझी गाडी येवंदे." शेवटी मुलाने मला फोन केला. माझी त्या दिवशी सुट्टी होती. बायको म्हणाली, "जा बाबा, नाहीतर जन्मभर शिव्या घालेल ती." गेलो.

चाळ जवळ आली तशी मागून हुकूम आला, "भोंगो वाजव रे."

"आजये, नियमात नाय बसत."

"जाताना वाजवलंस, मगे येताना कित्याक नाय?"

वाजवला, एकदाच आणि तोही अर्धवट. दारं उघडली, माणसं घाबरून बाहेर आली. कुणीतरी म्हणालं, "आता कोण?" आम्ही मागचं दार उघडलं, तर आत म्हातारी टेकून बसलेली, केसांत अबोलीचा गजरा. "मी इलंय!" तिने जाहीर केलं. आख्खी चाळ हसायला लागली.

शेजारीण भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावली. म्हातारीवरून ओवाळून टाकणार, तेवढ्यात म्हातारीने तिला थांबवलं. "गाडयेवरसून पण ओवाळ गो. तिका माझ्यापेक्षा जास्ती नजर लागली हा."

शेजारणीने बॉनेटवरून तुकडा ओवाळला, मग माझ्यावरूनही. जोडीदार दात काढत होता. मी टायर तपासायच्या निमित्ताने खाली वाकलो, कारण डोळे भरून आले होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या चाळीतून फोन आला. एका काकांच्या छातीत दुखत होतं, आणि या वेळी त्यांनी रिक्षा शोधत वेळ घालवला नव्हता. आमच्या फोनवरच्या मुलीने पत्ता विचारला, तर पलीकडून घाईघाईत सांगितलं गेलं, "पत्ता ड्रायव्हरला ठाऊक आहे. आजीला परत आणणारी ती गाडी पाठवा."