तिसऱ्यांदा प्रेशर

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नेरुळला नव्या बिल्डिंगीत राहत होतो. सरकारी नोकरीसाठी माझी निवड झाली होती, फक्त मेडिकल अडलं होतं. एरवी मी ठणठणीत. सोसायटीत पाण्यावरून भांडण झालं की मलाच पुढे करायचे! पण डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला की छातीत धडधड, तळव्यांना घाम, तोंडाला कोरड. दोनदा प्रेशर वर गेलं. तिसऱ्यांदा गेलं तर अनफिट, आणि माझी जागा वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या मुलीला.

तळमजल्यावर जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर राहायचे. म्हणाले, "हृदय, घाम, पचन हा कारभार स्वायत्त चेतासंस्थेचा. तुला विचारून चालत नाही. तिचा एक भाग पळायला लावतो, दुसरा आवरतो. दुसऱ्याला जागं करायचं तर श्वास हळूहळू सोड, आकडे मोजत."

"माझा तो पहिला भागच ओव्हरटाइम करतोय, मास्तर," मी म्हटलं.

आईने तर कहर केला. आठ दिवस मला अळणी जेवण, लोणच्याची बरणी कुलपात. शेजारच्या सारसोळे गावची कोळीण सुके बोंबील घेऊन दारात आली, तर तिलाही परत पाठवलं. "पोरीचं प्रेशर पास होऊ दे, मग ये." झालं! संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं. जिन्यात जो भेटेल तो म्हणायचा, "टेन्शन घेऊ नकोस हां!"

तिसऱ्या तपासणीच्या दिवशी आई दवाखान्यात बरोबर आली. दर मिनिटाला तेच, "टेन्शन घेऊ नकोस." शेवटी डॉक्टर वैतागले. "काकू, आधी तुम्हीच बसा. बघून मुलीची भीती जाईल."

पट्टा फुगला, उतरला. डॉक्टर गंभीर झाले. "एकशे ऐंशी. चक्कर येते का?"

"येते कधी कधी," आई म्हणाली. "हिचं होऊ दे, मग बघू."

माझं डोकंच फिरलं. "आणि सांगायचं कोणी? मला अळणी घालून स्वतः लोणचं खात होतीस ना?"

मी आईचा हात धरला, तो माझ्यापेक्षा ओला होता. मला भयंकर भीती वाटली, पण या वेळी माझ्यासाठी नाही. "हळू सोड श्वास. एक, दोन, तीन..." तिच्याबरोबर मीही सोडत राहिले. किती वेळ, कोण जाणे. माझ्या दुसऱ्या दंडावर पट्टा कधी चढला, कळलंच नाही.

"एकशे वीस, ऐंशी. फिट," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर मला रडूच फुटलं. एका हातात स्वतःच्या गोळ्यांची चिठ्ठी धरून आईने दुसऱ्या हातातल्या पदराने माझे डोळे पुसले.

"सांगत नव्हते," ती म्हणाली, "टेन्शन घेऊ नकोस म्हणून?"