संदेशच्या गाडीचा व्यायाम

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. फ्रीजमध्ये उरलेल्या भाज्यांचे डबे साठतात तसे ते साठतात आणि एक दिवस कळतं की नवीन काही ठेवायला जागाच उरलेली नाही. कोविडच्या काळात आमच्या लॅबमध्ये तसंच झालं. सिडनीत वेस्टमीडला हॉस्पिटलांच्या गर्दीत आमची पॅथॉलॉजी लॅब, दिवसभर स्वॅब आणि फक्त स्वॅब. टीरूममध्ये एका टेबलावर एकाच माणसाने बसायचं, त्यामुळे गप्पा मारायच्या त्या ओरडून. विषय दोनच: सकाळी अकराच्या प्रेस कॉन्फरन्समधला नव्या केसेसचा आकडा आणि संदेशची गाडी. आकड्यावर हसता येत नव्हतं, म्हणून गाडीवर जरा जास्तच भार पडला.

संदेश मिरजेचा. इथे स्टुडंट म्हणून आला, पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, झाला, नोकरी लागली, लग्न झालं, आणि माणूस शहाणा व्हावा नेमक्या त्या वयात त्याने गाडी घेतली. मुग्धा त्याची बायको, समोरच्याच हॉस्पिटलमध्ये वॉर्डात नर्स. एल्विन वसईचा, माझ्या शेजारच्या बेंचवर, बोलायला फटकळ. आणि मी ठाण्याची. माझ्याकडे छोटी जपानी हॅचबॅक आहे. तिच्याबद्दल सांगण्यासारखा एकही किस्सा नाही, याहून गाडीची मोठी तारीफ नसते.

*

पहिल्या लॉकडाऊनच्या आधी सगळं सिडनी टॉयलेट पेपरच्या मागे धावत होतं. त्या आठवड्यात संदेशने सहा सिलिंडरची, दोन टर्बोची, जुनी जर्मन गाडी घेतली. मालक कायमचा लंडनला निघाला होता, त्याला घाई होती. नवी असताना जी गाडी फक्त डॉक्टर लोक घेतात ती संदेशला जवळजवळ माझ्या हॅचबॅकच्या भावात मिळाली.

एल्विन गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "हत्ती स्वस्त मिळाला, छान झालं. आता चारा?"

चाऱ्याचा हिशेब मुग्धाने आधीच केला होता. शहराच्या कडेला स्कोफिल्ड्सला दोघांनी घरासाठी प्लॉट बुक केला होता, त्याची नोंदणी व्हायची होती. तिने अट घातली की प्लॉट हातात आला आणि बँकेचं पक्कं झालं की गाडी विकायची. संदेशने ताबडतोब कबूल केलं. कारण स्कोफिल्ड्सच्या प्लॉटची तारीख दर तीन महिन्यांनी पुढे जात होती, आणि ती अशीच जात राहावी म्हणून हा मनातल्या मनात प्रार्थना करत असणार, याबद्दल आम्हा कोणालाच शंका नव्हती. मुग्धा गाडीला सवत म्हणायची.

*

गाडी घेतली म्हणजे पूजा आलीच. मिरजेहून संदेशच्या आईने व्हिडिओ कॉलवर सगळं करवून घेतलं. हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. शेवटी आई म्हणाल्या, पुढे लिंबू-मिरची बांध, एवढी देखणी गाडी, दृष्ट लागेल. संदेशने पुढच्या जाळीला बांधली.

दुसऱ्या दिवसापासून गाडी ओरडायला लागली. सिग्नलला उभी राहिली की ओरडायची, पार्किंगमध्ये शिरताना ओरडायची, आणि पडद्यावर पुढे अडथळा असल्याचं लाल चित्र यायचं. पुढे तर कोणी नाही. संदेशने इंटरनेटवर गाडीवाल्यांच्या फोरमवर वाचलं की या मॉडेलचं वायरिंग पुढेमागे जातंच. मग त्याला झोप लागेना. बाहेरच्या मेकॅनिककडे न्यायची की कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, यावर आमच्या टीरूममध्ये दोन तट पडले. शेवटी वायरिंगचा मामला आहे म्हणून त्याने ती महागड्या वर्कशॉपलाच नेली. तिथे नुसतं तपासायचे जेवढे घेतात तेवढ्यात माझी गाडी वर्षभर चालते.

दोन तासांनी बिल आलं. त्यावर कामाचं वर्णन एका ओळीत होतं: सेन्सरसमोरची भाजी काढली.

एल्विनला हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. आम्ही त्याला धारेवर धरलं की मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "मला वाटलं तुमच्यात ती काढत नाहीत. उगाच कोणाच्या धर्मात कशाला पडा?"

*

त्या बिलानंतर संदेशने ठरवलं की सर्व्हिसिंग घरीच करायचं. कंपनी सांगते त्याच्या निम्म्या किलोमीटरला ऑइल बदलायचं, कारण फोरमवरचे जाणकार तसंच करतात. शिवाय जुनं ऑइल तपासून घ्यायचं. त्यात धातूचा चुरा निघाला तर इंजिन आतून झिजतंय हे आधी कळतं. अशी तपासणी करणारी एक लॅब ब्रिस्बेनला आहे, तिला सँपल पोस्टाने पाठवायचं. आता हे ऐकून कोणीही म्हणेल की माणूस विचार करून वागतोय. आम्हीही म्हणालो.

पण सँपल घ्यायचं तर संदेशच्या हाताला एकच पद्धत माहीत. ऑइलची पहिली धार सोडून दिली, मधली धरली, शेवटची सोडली. धरली ती पिवळ्या झाकणाच्या लघवीच्या बाटलीत. वर लेबल लावलं: आडनाव, तारीख, वेळ. घरून निघताना बाटली पिशवीत टाकली, जेवणाच्या सुट्टीत पोस्टात द्यायची म्हणून. आणि काम सुरू झाल्यावर पिशवी बेंचवर विसरला.

आमच्या लॅबमध्ये लेबल लावलेली बाटली बेंचवर दिसली की तिचं पुढे काय करायचं हे कोणी विचारत नाही. ती पुढे जाते. जाता जाता ती आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या हातात पडली. त्यांनी ती उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. काळी कुळकुळीत. मग सगळ्या लॅबकडे वळून त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "हा पेशंट अजून जिवंत आहे का?"

संदेशने हात वर केला आणि सांगितलं की आहे, खाली कार पार्कमध्ये.

*

दर रविवारी मिरजेहून अण्णांचा, म्हणजे संदेशच्या वडिलांचा, फोन यायचा. अण्णांनी आयुष्यभर एकच स्कूटर चालवली आणि तिची सगळी दुरुस्ती अंगणात स्वतः केली. ते गाडीचा रंग विचारत नसत, वेग विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच, ॲव्हरेज किती?

इथे गाडी शंभर किलोमीटरला किती लिटर पिते ते सांगतात. संदेशने पडद्यावर बघितलं आणि खरं ते सांगितलं, सोळा. अण्णांनी ते लिटरला सोळा किलोमीटर धरलं. एवढ्या मोठ्या गाडीच्या मानाने सोळा म्हणजे त्यांच्या हिशेबाने उत्तमच. त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, जर्मन लोकांकडून शिकावं! संदेशला चूक लगेच कळली, पण वडील आपल्या एखाद्या निर्णयावर इतके खूश त्याने पहिल्यांदाच बघितले होते. पुढे दर रविवारी तो उलट जास्त आकडा सांगायला लागला. सिडनीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून गाडी अठरा प्यायली की तो अठरा सांगायचा आणि अण्णा म्हणायचे, बघ, हात बसतोय तुझा.

*

ही पुढची गोष्ट हसायची नाही, पण ती सोडून पुढे जाता येत नाही.

भारतातल्या दुसऱ्या लाटेत अण्णा गेले. विमानं बंद होती. संदेशला जाता येणं शक्यच नव्हतं, आणि गेला असता तर परत येता आलं नसतं. अंत्यसंस्कार फोनवर बघायचे होते. मुग्धा त्या सकाळी नाइट शिफ्ट करून आली होती, आणि त्या काळात वॉर्डातून आलेली माणसं कशी दिसायची ते आम्ही रोज बघत होतो. अण्णांची बातमी रात्रीच आलेली होती, घरी आल्यावर मुग्धा त्याच्याजवळ बसून राहिली, मग त्यानेच तिला बळेबळे वर पाठवलं. ती झोपल्यावर तो फोन घेऊन खाली उतरला. त्यांच्या टाउनहाउसच्या कारपोर्टमध्ये, बेडरूमच्या खिडकीखालीच, गाडी उभी असायची. तो आत बसला, दार लावून घेतलं आणि सगळं तिथेच बघितलं.

मला हे त्यानेच नंतर सांगितलं. "घरात रडलो असतो तर मुग्धा उठली असती गं," एवढंच म्हणाला.  मला फार वाईट वाटलं, त्याच्यासाठी आणि थोडं माझ्यासाठीही, कारण माझेही आईबाबा तिकडेच होते. महिनाभर आम्ही कोणी गाडीवरून चेष्टा केली नाही. मुग्धाने सवत म्हणणं सोडलं ते सोडलंच.

*

मग इथल्या जून-जुलैच्या हिवाळ्यात दुसरा मोठा लॉकडाऊन आला. पश्चिम सिडनीला नियम कडक, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. संदेशकडे डोळे मिटून उघडेपर्यंत शंभरच्या पुढे जाणारी गाडी होती आणि जायला पाच किलोमीटर. नुसती उभी राहून बॅटरी उतरली, टायर एका जागी दबले. सर्व्हिसिंगची तारीख मात्र आली, कारण सर्व्हिसिंग किलोमीटरवर नाहीतर महिन्यांवर, जे आधी येईल त्यावर. बाहेर न पडण्याचासुद्धा खर्च असतो हे आम्हाला तेव्हा कळलं.

म्हणून संदेश रोज गाडीने कामाला यायला लागला. घरापासून लॅब चालत दहा मिनिटं. वर हॉस्पिटलच्या कार पार्कचे पैसे.

एका सकाळी पोलिसाने अडवलं. कुठे निघालास? कामाला. कुठे काम? संदेशने समोर बोट दाखवलं. राहतोस कुठे? संदेशने मागे बोट दाखवलं. पोलिसाने पुढे बघितलं, मागे बघितलं आणि म्हणाला की मेट, हे तर चालत जाण्यासारखं आहे. संदेशने मान्य केलं की आहे. मग घराबाहेर गाडी काढायला कारण काय? बाहेर पडायला परवानगी होती ती काम, किराणा, औषधपाणी, व्यायाम अशा मोजक्या कारणांसाठी, आणि ती सगळ्यांना पाठ होती.

"एक्सरसाइज," संदेश म्हणाला. "हिचा."

पोलिसाने खाली वाकून बॉनेटचा आवाज ऐकला, थोडा वेळ तसाच वाकून राहिला, आणि पाच किलोमीटरच्या आत हवा तेवढा व्यायाम करवून घे म्हणाला. नो वरीज.

*

शेवटी स्कोफिल्ड्सचा प्लॉट एकदाचा नोंदला गेला. बँकेचं पत्र आलं. अटीप्रमाणे गाडी जायची होती. मुग्धाने आठवण करून दिली नाही, संदेशनेच स्वतः जाहिरात टाकली. तेव्हा नव्या गाड्या मिळत नव्हत्या, जुन्यांना सोन्याचा भाव होता, त्यामुळे विकायला याहून चांगली वेळ नव्हती. हे वाक्य तो आम्हाला दिवसातून तीनदा ऐकवायचा आणि त्याचा चेहरा आजाऱ्यासारखा दिसायचा.

गिऱ्हाईक एल्विननेच आणलं. त्याचा मावसभाऊ जोएल, दूर उत्तरेला डार्विनला हॉस्पिटलात नोकरी लागली होती, तिकडे लांबच लांब सरळ रस्ते, त्याला अशीच गाडी हवी होती. पैसे तयार. शनिवारी दुपारी तो बघायला आला. एल्विन आणि मी चहाच्या निमित्ताने गेलो होतो. संदेशने बॉनेट उघडलं, दोन वाक्यं बोलला. दुसरी चावी शोधून आणतो म्हणून तो आत गेला.

तेवढ्यात मुग्धा शिफ्टवरून आली, युनिफॉर्ममध्येच. जोएलने तिला सहज विचारलं की गाडी कशी आहे. नर्सची शिफ्ट संपली की ती पुढच्या नर्सला पेशंट सोपवते तेव्हा एक ठरलेली रीत असते: आधी वय, मग हिस्टरी, मग आत्ताची अवस्था, मग काय सांभाळायचं. काही लपवायचं नाही आणि काही रंगवून सांगायचं नाही. मुग्धा अजून त्याच लयीत होती.

"वय नऊ," ती म्हणाली. "आमच्याकडे आली तेव्हाच तक्रारी होत्या. कूलंट गळतं. कुठून ते दोन मेकॅनिकनी बघितलं, दोघांचं मत वेगळं. पिते भरपूर, आणि महागडंच लागतं. पुढचे टायर या वर्षी जातील. थंडीत सुरू केली की खोकते, घाबरायचं नाही, थोड्या वेळाने बसतं. एकटी ठेवायची नाही, आठवडाभर कोणी बघितलं नाही की बॅटरी उतरते."

जोएल एल्विनकडे बघत राहिला. एल्विन जमिनीकडे. मग जोएल कसनुसं हसून म्हणाला, "मुग्धा, हिच्यात काही चांगलं आहे की नाही?"



"दारं घट्ट लागतात," ती म्हणाली. "आत बसून माणूस कितीही रडला तरी वरच्या खोलीत आवाज येत नाही. खिडकीतून दिसतं फक्त."

संदेश चावी हातात घेऊन दारात उभा होता.  त्याने चावी खिशात टाकली आणि बॉनेट बंद केलं. मुग्धाने जोएलला विचारलं, चहात साखर किती घेतोस.