छातीवरचा चाकू

त्याला सगळे पाणबुड्याच म्हणत, सासूसुद्धा. बंदरातल्या बोटींच्या पंख्यांत अडकलेली जाळी आणि दोर पाण्याखाली जाऊन कापायचे, हे त्याचं काम. पाठीवर हवेची टाकी, पोटरीला चाकू आणि जोडीला लंबू. लंबू चांगला बुटका होता. नाव कुणी पाडलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

एकदा एका मालवाहू बोटीच्या तळाशी पाणबुड्या स्वतःच जाळ्यात सापडला. पाणी इतकं गढूळ, की स्वतःची बोटं दिसत नव्हती. सुटायला तो जितका वळला तितकं जाळं आवळत गेलं. उजवा हात अंगाशी बांधला गेला. डाव्या हाताने चाकू गाठायचा तर वाकायला हवं, आणि जाळं वाकू देईना. लंबूने येऊन त्याला सोडवलं तेव्हा टाकीतली हवा संपत आली होती.

वर आल्यावर लंबू म्हणाला, "तुझे बूट माझ्या मापाचे आहेत. जरा उशीर केला असता तर मिळाले असते."

सगळे हसले. पाणबुड्याही हसला. पण घरी गेल्यावर चेहऱ्यावर पाणी मारायला त्याचा हात धजेना.

बायको खिडकीशी मशीन मांडून बॅगा दुरुस्त करायची. तिने हे पाहिलं. "सोडा ते काम," ती म्हणाली.

"आणि करू काय? मला दुसरं येतं काय?"



त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली: चाकू छातीवर हवा, कुठल्याही हाताला मिळेल असा. दुकानात तसा होता, पण किंमत ऐकूनच चटका बसला. टोळीच्या मालकाकडे मागितला तर तो म्हणाला, "एक दिलाय ना? पायाला बांध, नाहीतर गळ्यात."

मग त्याने भंगारातून हॉटेलातल्या दोन जुन्या स्टीलच्या सुऱ्या आणल्या. पहिली धार लावायच्या मशीनच्या चाकावर घासताना घाई केली आणि पातं निळं पडलं. शेजारचा वेल्डर बघून म्हणाला, "पाणी उतरलं याचं. आता लोणी काप याने." दुसरी त्याने जरा घासायची, बादलीत बुडवायची, पुन्हा जरा घासायची, अशी धीराने आखूड केली. टोक मुद्दाम बोथट ठेवलं; घाबरलेला माणूस टोकदार चाकूने आधी स्वतःची हवेची नळी कापतो. एका बाजूला जाळ्यासाठी सरळ धार, दुसऱ्या बाजूला जाड दोरासाठी कानशीने पाडलेले दाते. मुठीला प्लास्टिकचे दोन तुकडे रिबिटांनी बसवले.

"माझी भाजी चिरायची फळी कुठे गेली?" बायकोने विचारलं. त्याने मूठ दाखवली. तिने कपाळावर हात मारला.

म्यान नळाच्या प्लास्टिक पाइपचं. पाइप उभा चिरला, वाफेवर मऊ केला, कागदात गुंडाळलेल्या पात्याभोवती दाबला आणि थंड होईतो वर एक लाकडी फळी टाकून तिच्यावर उभा राहिला. म्यान झालं सुरेख, पण इतकं घट्ट की चाकू निघेना. तो ओढत राहिला, घामाघूम झाला, श्वास चढला. बायकोने त्याच्या हातातून ते काढून घेतलं आणि ती म्हणाली, "दुसरं करा. डोळे मिटून निघाला पाहिजे."

दुसरं म्यान त्याने जरा सैल केलं. तळाला पाणी निथळायला भोक पाडलं आणि चाकू सुटून पडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा पट्टा घातला. छातीवर बांधायचा पट्टा न सांगता तिनेच शिवून ठेवला. मग त्याला खुर्चीत बसवून, डोळे बांधून, ती अंगाभोवती जुनं जाळं गुंडाळायची आणि तो डाव्या हाताने चाकू काढायचा. एकदा तिने जरा जास्तच आवळलं, तर तो असा ओरडला की वेल्डर धावत आला.

पुढे एका बोटीखाली प्रवाहाने सुटलेला दोर लंबूच्या टाकीला आणि मानेला गुंडाळला गेला. तोंडातली नळी निसटली. पाणबुड्याने एका हाताने त्याला धरलं, दुसऱ्या हाताने छातीवरचा चाकू ओढला आणि दोर कापला. लंबू वाचला, पण छातीत पाणी गेलं होतं. बरेच दिवस इस्पितळात काढले. नंतरही जिना चढताना दम लागायचा.

बरा झाल्यावर तो म्हणाला, "मला तसलाच एक कर."

त्याआधीच लंबूची बायको येऊन गेली होती. "भावजी, तुमचा चाकू नाही मिळाला तर ते उतरणार नाहीत. करू नका. पदर पसरते तुमच्यापुढे."

"नाही करत, वहिनी," त्याने शब्द दिला होता.

म्हणून त्याने लंबूला नकार दिला. लंबूने कारण विचारलं नाही. येणंच बंद केलं. महिन्याभराने धक्क्यावर पाणबुड्याला तो दिसला, दुसऱ्या टोळीबरोबर पाण्यात उतरताना. चाकू पोटरीला.

पाणबुड्या तसाच भंगारवाल्याकडे गेला. सुरी घेऊन घरी आला तेव्हा बायको म्हणाली, "शब्द दिलाय तुम्ही."

"दिलाय."

"मग?"

"तो उतरलाच आहे गं. मी नाही म्हटल्यावर थांबला असता तर वेगळं."

ती मशीनवरची बॅग बाजूला ठेवून पट्ट्याचं कापड शोधू लागली. मग म्हणाली, "छाती किती रुंद आहे त्यांची?"

चाकू द्यायला तो गेला तेव्हा दार लंबूच्या बायकोने उघडलं. हातातली गुंडाळी बघून ती समजली. "तुम्हीसुद्धा, भावजी?" एवढंच म्हणाली आणि आत या म्हणाली नाही. आतून लंबू आला, त्याने पट्टा लगेच छातीवर लावून पाहिला, चाकू ओढला, परत घातला. त्याला दम लागलेला पाणबुड्याला ऐकू येत होता.

दोघं अजून उतरतात, वेगवेगळ्या टोळ्यांत. लंबूची बायको रस्त्यात भेटली तर मान वळवून पुढे जाते.