‘अन्य’ नावाचं बटण

मानेसरच्या एका कारखान्यात पत्रा दाबून गाड्यांची दारं बनवत. आमच्या कंपनीनं त्यांना एक सॉफ्टवेअर विकलं होतं आणि ते बसवायला मला पाठवलं होतं. मी तेव्हा आईबाबांबरोबर दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायची आणि सकाळी धौला कुआँहून कारखान्याची बस पकडायची. गुडगाव ओलांडलं की एकीकडे काचेच्या इमारती उठत होत्या, दुसरीकडे अजून मोहरीची शेतं होती.

काम सांगायला सोपं होतं. प्रत्येक मशीनपाशी एक स्क्रीन. मशीन थांबलं की ती लाल व्हायची आणि ऑपरेटरनं कारणाचं बटण दाबायचं: साचा बदल, माल नाही, बिघाड, वीज नाही, अन्य. मशीनं किती वेळ बंद राहतात आणि का, हे वर ऑफिसात बसून कळावं, एवढाच उद्देश.

ऑपरेटर फक्त ‘अन्य’ दाबत. मला वाटलं, इंग्रजीमुळे असेल. बटणं हिंदीत केली. तरी ‘अन्य’च.

फोरमन रेवाडीकडचे, मिशीवाले, वयानं बाबांएवढे. त्यांना स्क्रीन मुळीच पसंत नव्हती. “मॅडम जी, ये डब्बा हटवा दो. आदमी काम करे या बटन दबावे?”

मग एका दुपारी मी तिथंच उभी होते. एका ऑपरेटरनं ‘बिघाड’ दाबलं. थोड्याच वेळात मेंटेनन्सचा माणूस हातात रिपोर्ट नाचवत आला. “मेरा नाम खराब करता है?” दोघांची चांगलीच जुंपली. रिपोर्टात प्रत्येक कारणापुढे ऑपरेटरचं नाव छापलेलं होतं. ‘अन्य’वरून मात्र कुणी भांडायला येत नव्हतं.

मी थेट प्लँट हेडकडे गेले. “सर, रिपोर्टमधून नावं काढून टाकते.”

“फिर ज़िम्मेदार कौन?” ते चष्म्यावरून बघत म्हणाले.

“पहले सच तो पता चले, सर.”

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर उलटून पाहिलं. मग म्हणाले, “दिवाली तक. बस.”

नावं गेली, तसा फोरमनचा विरोधही मावळला. त्यांनी स्वतः लाइनवर फिरून सांगितलं की आता कुणी कुणाला विचारणार नाही. तेव्हा ऑपरेटरच माझ्याकडे एक मागणी घेऊन आले: ‘क्रेनची वाट’ असं बटण पाहिजे. ते टाकलं आणि पुढच्या रिपोर्टात सगळ्यांत वर तेच आलं. अवजड साचे उचलायला दोन शेडमध्ये मिळून एकच क्रेन होती. ती पलीकडे अडकली की इकडची मशीनं नुसती उभी.

प्लँट हेड तो रिपोर्ट घेऊन स्वतः शेडमध्ये उतरले, अर्धी सकाळ क्रेनकडे बघत उभे राहिले. दुसरी क्रेन आली. दिवाळी होऊन गेली, नावं परत टाकायचा विषय कुणी काढला नाही. माल वेळेवर निघू लागला आणि रविवारची ड्युटी बंद झाली. ओव्हरटाइम गेला म्हणून काही जण कुरकुरलेही, ते खोटं नव्हतं. फोरमन मात्र खूश होते. एका सोमवारी त्यांनी मला गावाकडून आणलेला गुळाचा मोठा खडा दिला. “बेटी के ससुराल हो आया, मॅडम जी. कितने दिन बाद.”

घरी आईनं त्या गुळाच्या पोळ्या केल्या. बाबांनी तूप वाढून घेत विचारलं, “म्हणजे तू तिथं नक्की केलंस काय?”

“नावं काढली, एक बटण वाढवलं.”

“अच्छा! आणि त्याचा पगार देतात?”

आई खळखळून हसली. मीही. बाबांनी आणखी एक पोळी मागितली.